एस्तेरबाईंची हर्राशी

शनिवार, १५ नोव्हेंबर. सकाळपासून भोपळ्यांची देठं तपासते आहे. देठ वाळलेलं आणि घट्ट असेल तर भोपळा टिकतो. देठापाशी बोट रुतलं की तो बाजूला काढायचा, विकायला ठेवायचा नाही. उद्या सुगीच्या सणाची हर्राशी आहे. खेड्यापाड्यांतल्या आमच्या लोकांनी पाठवलेला माल अभ्यासिकेत पसरला आहे: मूग, उडीद, गूळ, सीताफळं, अंड्यांच्या टोपल्या, आणि पाय बांधलेले दोन कोंबडे, जे एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत.

हर्राशी म्हणजे लिलाव. देवाला वाहिलेला माल मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, झाल्यावर अंगणात बोली लावून विकतात आणि पैसा चर्चच्या कामाला जातो. आमच्या इथे तो विद्यार्थी केंद्राला जातो. केंद्र चर्चच्या आवारातच आहे. कॉलेजात शिकणाऱ्या कॅथलिक मुलामुलींसाठी ते सुरू झालं, पण दार सगळ्यांनाच उघडं राहिलं. खाली अभ्यासिका आणि लहानसं प्रार्थनाघर, वर मुलींना राहायला दोन खोल्या. वरच्या स्लॅबवर आणखी चार खोल्यांची जागा मोकळी आहे. सध्या तिथे कपडे वाळतात.

त्या चार खोल्यांबद्दल उद्या सकाळी फादरांना माझ्याकडून उत्तर हवं आहे. ते पुढे येईलच. आधी एस्तेरबाई, कारण तो प्रश्न त्यांच्या वेळेपासूनचा आहे आणि यंदाची हर्राशी त्यांच्याशिवाय पहिलीच.

एस्तेरबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. गंगाखेडकडच्या खेड्यांत नोकरी काढली, निवृत्त झाल्या आणि परभणीला चर्चमागच्या खोलीत येऊन राहिल्या. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. तेव्हाच्या फादरांनी त्यांना एवढंच म्हटलं होतं की केंद्रात येणाऱ्या मुलींकडे जरा लक्ष द्या. बाईंनी वर बघितलं. तेव्हा स्लॅब नव्हता, पत्रे होते आणि त्यांतून आभाळ दिसत होतं. "पोरींकडं काय बघायचं फादर, आधी ह्या पत्र्याकडं बघा," असं म्हणून त्या छत्री घेऊन बाहेर पडल्या. म्हातारपणाची सगळी वर्षं मग त्यांनी लोकांच्या दारात उभं राहण्यात घालवली.

उभं राहण्यात, हे अक्षरशः. कुणाकडे मागायला गेल्या की त्या बसत नसत. मी एकदा शेजारी खुर्चीवर टेकले, तर बाहेर आल्यावर बोलणी खाल्ली. "बसलीस कशाला? बसलं की चहा येतो. चहा आला की त्याला वाटतं, दिलं की आपण. मग काय मागशील?" मागण्याची लाज हा विषय त्यांच्याकडे नव्हता. "लाजायचं ते चोरी करताना," म्हणायच्या. आणि मोठ्या माणसाकडे त्या शेवटी जायच्या. "मोठा माणूस इचार करतो, लहान माणूस खिसा चाचपतो. आदुगर खिसा चाचपणाऱ्याकडं जावं."

मोंढ्यातल्या, म्हणजे घाऊक बाजारातल्या, एका सिमेंटवाल्यानं त्यांना खोचकपणे विचारलं होतं, "बाई, तुम्हाला तर परदेशातून पैसा येतो म्हणतात. माझ्याकडं कशाला?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "येतंय की. देवगाव फाट्यापर्यंत आलंय. पुढं रस्ता खराब हाय म्हणून अडकलंय. तवर तुमी द्या."

दुकानातले हमाल हसले, मालक हसला, आणि सिमेंटची काही पोती त्याच संध्याकाळी आवारात येऊन पडली. पोत्यांवर बाई थांबल्या नाहीत. स्लॅब पडला त्या दिवशी त्यांनी त्या मालकाला बोलावून शिडीवर चढवलं. "बघा, तुमचं सिमेंट कुठं गेलं ते. उद्या कुणी इचारलं तर सांगता आलं पाहिजे." पोट सुटलेला माणूस, धापा टाकत वर गेला आणि तिथे बराच वेळ उभा राहिला. पुढे त्याची भाची याच अभ्यासिकेत परीक्षेचा अभ्यास करायची.

प्रार्थनेच्या बाबतीत बाई काटकसरी होत्या. दोन-तीन वाक्यांत संपवायच्या. "लांबली की मागण्या वाढत्यात," म्हणायच्या. मुलींना त्यांचा धाक होता, पण भीती नव्हती. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की "पंखा काय तुझा मामा चालवायलाय का गं?" हे आवारभर ऐकू जायचं. मी विद्यापीठाच्या बियाणे प्रयोगशाळेत काम करते. केंद्राच्या समितीत मला बाईंनीच ओढलं. "तुला बोलायला लाज वाटत न्हाई, मोनिका, तू ये," म्हणाल्या. मी ते कौतुक समजले.

आता भोपळ्याची गोष्ट.

आमची जुनी रीत अशी होती, की हर्राशीत बोली जिंकली की पैसे भरायचे आणि वस्तू पुन्हा टेबलावर ठेवायची, 'देवाला परत' म्हणून. मग तीच वस्तू पुन्हा विकायची. दरवर्षी एक मानाचा भोपळा असा दिवसभर फिरायचा. आमचे चिटणीस सायमन सर, बँकेतून निवृत्त झालेले, ते घ्यायचे आणि परत द्यायचे. मग पूर्णा जंक्शनचे रेल्वेतले लोक घ्यायचे आणि परत द्यायचे. पुकारायला बाई. हातात स्टीलचं ताट आणि डाव, "एक वार, दोन वार," आणि ताटावर ठण्. संध्याकाळपर्यंत त्या भोपळ्यावर शेळी येईल एवढे पैसे जमायचे आणि भोपळा आपला टेबलावर बसून असायचा.

त्या वर्षी लिंबाजीराव नावाचे एक शेतकरी मुलीला भेटायला आले होते. मुलगी सुनंदा, बसने रोज गंगाखेडहून जाऊन-येऊन शिकायची आणि दुपारी आमच्या अभ्यासिकेत बसायची. बाईंनी त्यांनाही बसवून घेतलं. बाप्या माणूस रंगात आला. तिसऱ्या फेरीला त्यांनी सायमन सरांच्या वर बोली लावली, ताट वाजलं, टाळ्या झाल्या. लिंबाजीरावांनी पैसे भरले, खांद्यावरचा पंचा पसरला, त्यात भोपळा बांधला, खांद्यावर टाकला आणि फाटकाकडे चालू लागले.

 पुढच्या दहा बोल्या त्यांच्या खांद्यावरून निघाल्या होत्या.

सायमन सर धावले. "अहो पाव्हणं! तो परत ठेवायचा असतो."

लिंबाजीराव थांबले. "का? किडका निघाला काय?"

"किडका नाही हो. देवाला परत द्यायचा."

"मंग पैसे कशाचे घेतलाव?" त्यांना खरंच कळेना. "आन् देवाला भाजी कोण करून घालणार?"

सुनंदा शरमेनं लाल झाली होती. तेवढ्यात ताट वाजलं. "सायमन, माघारी ये," बाई टेबलामागून ओरडल्या. "त्यांनी इकत घेतलाय. जाऊ दे त्यांला, गाडी चुकंल." आणि पुढची मेथीची जुडी पुकारायला घेतली.

त्यानंतरच्या बैठकीत बाहेरच्या लोकांना रीत समजावून सांगायची की त्यांना बोलावूच नये, यावर चर्चा चालली होती. बाई सुपातलं धान्य निवडावं तशा मान खाली घालून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सायमन, तू ब्यांकेत व्हतास ना? तेच पैसे ह्या काउंटरवरनं त्या काउंटरवर फिरवून ब्यांक चालती का?"

"त्याचा इथे काय संबंध, बाई?"

"आपली घरं मोजकी. तोच भोपळा, तीच घरं. ह्या खिशातनं काढायचं, त्या खिशात घालायचं, आन् टाळ्या. त्या माणसानं भोपळा घरी नेला, चिरला, खाल्ला. इतक्या वर्षांत पहिलं खरं गिऱ्हाईक आलं आपल्याकडं, आन् तुमी त्याच्या मागं पळलाव."

पुढच्या वर्षीपासून बाईंनी जाहीर केलं: घेतलं ते घरी न्यायचं. परत काही नाही. सायमन सरांनी उत्पन्न घटेल असं सांगितलं आणि ते खरं ठरलं. पहिल्या वर्षी इतकं घटलं की वरच्या मजल्याच्या विटासुद्धा येईनात. बाईंच्या मागे लोक बोलायला लागले आणि काही जण पुढ्यातही बोलले.

नेमके त्याच वर्षी फ्रान्सिसशेठ आले.

फ्रान्सिसशेठ पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत वाढलेले. आखातात जाऊन कंत्राटदार झाले, नाव काढलं. त्यांनी वरचा सगळा मजला, सहाच्या सहा खोल्या, फरशी-नळांसकट बांधून द्यायची तयारी दाखवली. अट एकच. खोल्या फक्त कॅथलिक मुलींना.

त्यांना केंद्र दाखवायला बाई आणि मी गेलो. दुपारची घंटा झाली. अभ्यासिकेतल्या काही मुली उठून प्रार्थनेला उभ्या राहिल्या, बाकीच्यांनी पुस्तकं तशीच ठेवून आवाज तेवढा बंद केला. शेठनी हळूच विचारलं, "यातल्या आपल्या किती?"

"सगळ्या," बाई म्हणाल्या.

"तसं नाही बाई. कॅथलिक किती?"

"तशी हजेरी मी घेत न्हाई."

शेठ चिडले नाहीत. ते वाईट माणूस नव्हते, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे. ते म्हणाले, "बाई, मी शिकायला बाहेर पडलो तेव्हा नाव ऐकून लोकांनी खोली नाकारली. आडनावावरून तर्क करायचे, मग गळ्यातला क्रूस बघायचे. आमच्या मुलींवर आजही तीच वेळ येते. बाकीच्यांना निदान त्यांची-त्यांची वसतिगृहं आहेत. आपल्या मुलींना आपण नाही तर कोण देणार?"

यावर बोलणं अवघड होतं.  बाई म्हणाल्या, "खरं हाय तुमचं. मला बी कुणी दिली न्हवती. शेवटी खाजाबी नावाच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं दिली. आपल्या घरातला निम्मा सोपा दिला. मी कोण, कुठली, हे तिनं इचारलं न्हाई. 'सुबू झाडू मारती क्या?' सकाळी झाडशील का, एवढंच इचारलं. मी हो म्हटलं. त्या सोप्यात बसून मी मास्तरीण झाले. आता त्याच शिक्षणावर मी दारात बसून पोरींला नाव इचारू?"

शेठ म्हणाले, "मला विचार करायला हवा." आणि आखातात परत गेले. अट तशीच राहिली.

बैठकीत बहुतेक सगळे होकाराच्या बाजूचे होते. पैसा समोर होता, वर हर्राशी पडलेली. बाईंनी विरोध केला नाही. त्यांनी एकच विचारलं, "दारात कोण बसणार?"

"म्हणजे?" फादर म्हणाले.

"पोरगी ट्रंक घेऊन येणार, संगं बाप. तिला सांगायचं, बाई, तू आपल्यातली न्हाईस, जा. हे सांगायला कोण बसणार? सायमन, तू बसतोस का?"

सायमन सर चष्मा पुसायला लागले. त्यांच्या शेजारच्या बौद्ध कुटुंबातली मुलगी त्यांच्याच शिफारशीने अभ्यासिकेत यायची.

"अर्जातच लिहून घेता येईल," कुणीतरी म्हणालं.

"कागद न्हाई इचारत. माणूस इचारतो," बाई म्हणाल्या. "नाव सांगा बसणाऱ्याचं. माझी हरकत न्हाई."

एकेकाकडे बघत त्यांनी खोलीला पूर्ण वळसा घातला. कुणी नाव दिलं नाही. ठराव मांडलाच गेला नाही आणि त्या देणगीचा विषय संपला. शेठनी पुढे दुसऱ्या शहरात तशीच इमारत बांधली. मी ती पाहिली आहे. चांगली आहे. नळ गळत नाहीत.

हे इथे संपलं असतं तर बाईंचं चित्र सोपं झालं असतं. पण त्यानंतरच्याच जूनमध्ये अनिता म्हणून पूर्णेची एक मुलगी आली. कॅथलिक. वडील रेल्वेत हमाल. तिला राहायला जागा हवी होती आणि आमच्याकडे तेव्हा राहायची एकही खोली नव्हती. बाप म्हणाला, रोज रेल्वेनं एकटी पाठवायची माझी तयारी नाही. कॉलेजातून तिचं नाव काढून तिला परत घेऊन गेला. मिस्सेनंतर एका बाईनं सगळ्यांसमोर एस्तेरबाईंना सुनावलं, "तुमच्या हट्टापायी आपलीच पोरगी गेली. आता बसा खाजाबीचं नाव घेत."

 दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने बाई पूर्णेला गेल्या. संध्याकाळी एकट्याच परत आल्या. अनिताचं त्या हिवाळ्यात लग्न झालं. बाईंनी तिला साडी नेऊन दिली. बऱ्याच दिवसांनी, मूग पाखडताना, कुणी विचारलं नसताना मला म्हणाल्या, "चूक बी असंल माझी. मला ठाऊक न्हाई. पण दुसरं जमलं नसतं मला."

त्यानंतर मी त्यांना जास्त पळताना पाहिलं. हर्राशीच्या आधी आठवडाभर त्या मोंढ्यात, विद्यापीठाच्या वसाहतीत, बस स्थानकाजवळच्या गल्ल्यांत हिंडायच्या. "खेड्यातला निवडलेला माल हाय, दुकानात मिळणार न्हाई. बोली लावा, घेऊन जा." लोक येऊ लागले. आमच्या प्राध्यापकांच्या बायका गुळासाठी भांडायला लागल्या. लिंबाजीराव दरवर्षी यायचे आणि कोंबड्यावर बोली लावून हरायचे. काही वर्षांनी एक खोली झाली, मग दुसरी. पहिल्या खोलीत पूर्णेची एक कॅथलिक मुलगी आणि देवगाव फाट्याकडची एक शेतकऱ्याची मुलगी. पहिल्याच आठवड्यात त्यांचं भांडण झालं, धर्मावरून नव्हे, खिडकीवरून.

मागच्या हर्राशीनंतर डोळे अधू झाले तेव्हा बाई जालन्याला भाचीकडे जायला निघाल्या. निरोपसमारंभ नको म्हणाल्या, पण स्टेशनवर आम्ही गेलोच. बाईंना खिडकीची जागा मिळाली होती. मुली काहीतरी भावपूर्ण बोलायच्या तयारीत होत्या. बाईंनी पेरूवाल्याला हाक मारली. जन्मभर अंगणात भाव वर चढवणारी बाई आता पेरूचा भाव खाली ओढत होती. "एवढे? परभणीचे पेरू का काबूलचे?" तो कमी करायला तयार नव्हता, त्या सोडायला तयार नव्हत्या. गाडी हलली. पेरूवाला शेजारून पळायला लागला, शेवटी वैतागून "घ्या, आजी" म्हणाला. बाई पिशवी ओढून घेत, रुमालातली नाणी डोळ्यांजवळ धरून निवडत होत्या. प्लॅटफॉर्म संपला तरी त्यांचं निवडणं संपलं नव्हतं. आमच्याकडे त्यांनी बघितलंच नाही. यंदाच्या जूनमध्ये जालन्याहून भाचीचा फोन आला, बाई गेल्या.

आता प्रश्न. मागच्या आठवड्यात फ्रान्सिसशेठच्या मुलाचा दुबईहून फोन आला. वडील वारले, त्यांच्या मनात राहून गेलं होतं, तो उरलेल्या चार खोल्या बांधून देईल. अट त्यानं सैल केली आहे: तीन खोल्या कॅथलिक मुलींना, एक कुणालाही. आताचे फादर तरुण आहेत, वसईचे, कामाला वाघ. ते मला म्हणाले, "मोनिकाताई, वर्षभरात मजला पूर्ण होईल. एक खोली तर सर्वांसाठी आहेच. बाई असत्या तर त्यांनीही हे मान्य केलं असतं."

मान्य केलं असतं का, मला माहीत नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालणं मला आवडत नाही. मी हिशोबी बाई आहे आणि अनिता मला आठवते. हर्राशीच्या वेगानं चार खोल्या होईपर्यंत मी निवृत्त होईन. तोवर ज्या मुली परत जातील, त्यांना मी काय सांगणार? दुसऱ्या बाजूला, तीन दारांवर एक पाटी आणि चौथ्यावर दुसरी, आणि त्यांच्यासमोर ट्रंक घेतलेली मुलगी. तिला कुठल्या दाराकडे पाठवायचं ते तिच्या तोंडावर सांगायला कुणीतरी लागेल. समितीची अध्यक्ष मी आहे. म्हणजे ते कुणीतरी मीच. सकाळपासून हे भोपळे उलटेपालटे करताना मी स्वतःला त्या दारात बसवून बघते आहे.

रविवार. सकाळी सातला मी गफूर मिस्त्रींना बोलावलं. मिस्सेला वेळ होता. आम्ही दोघं स्लॅबवर गेलो, मी वाळत घातलेले कपडे गोळा केले, आणि त्यांना पूर्वेच्या कोपऱ्यात सूत धरून आखायला सांगितलं. चुन्याची पांढरी रेघ पडत असताना फादर वर आले.

"ही कसली आखणी?"

"तिसरी खोली."

"एकच?"

"एकच. दुबईला तुम्ही फोन करा. खोल्या सगळ्यांसाठी म्हणून देत असतील तर चारही घेऊ, वडिलांचं नाव हवं तेवढं मोठं लावू. नाहीतर त्यांचे आभार माना."

फादरांनी रेघेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आणि पैसे?"

"दहाला हर्राशी आहे," मी म्हटलं. "तुम्हीही पाकीट घेऊन या."